आनंदबाजारातील एकादशी

आज कार्तिकी एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट पहाटेपासून टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमत आहे आणि आमच्या वाड्याच्या ओसरीवर वारकरी मंडळी भिजल्या अंगाने विसावली आहेत. स्वयंपाकघरात भगर रटरटते आहे, रताळी उकडत आहेत, शेंगदाण्याच्या आमटीचा वास माजघरापर्यंत आला आहे. पंढरीतील सहस्रावधी घरांचे आजचे चित्र हेच. हा दिवस पांडुरंगाच्या पायांशी घालवावा आणि सायंकाळी कीर्तनास उभे राहावे, हा आमच्या घराण्याचा चार पिढ्यांचा नेम. तो नेम आमच्या हातून आजवर एकदाच मोडला. त्या एकादशीस आम्ही पंढरपुरात नव्हतो, जगन्नाथपुरीस होतो. आणि तेथे जे घडले ते कीर्तनात सांगण्याचे धैर्य आम्हांस पुष्कळ वर्षे झाले नाही. आज सणाच्या निमित्ताने ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

गोष्ट १९९६ सालची. आमच्या आत्याबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. वयाच्या अठराव्या वर्षी वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. त्यांचे सोवळे साऱ्या आळीत प्रसिद्ध होते. दुसऱ्याच्या हातचे शिजलेले अन्न त्यांनी घेतले नाही, बाजारातील पदार्थास शिवल्या नाहीत. आणि वर्षाच्या इतर एकादशा फलाहारावर होत असल्या तरी आषाढी आणि कार्तिकी या दोन्ही महाएकादशांना तुळशीचे पान आणि तीर्थ यांखेरीज त्यांच्या तोंडात काही जात नसे. एका यात्रेबरोबर त्यांची बदरी, द्वारका आणि रामेश्वर ही तीन धामे झाली होती. चौथे राहिले होते. त्या साली काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसऱ्याचाही भरवसा नाही असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी आत्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, पांडुरंग मला डोळे मिटले तरी दिसतो. जगन्नाथ अजून पाहिलेला नाही. दिसतंय तोवर घेऊन चल." कार्तिकीची वारी तोंडावर आलेली, कीर्तने ठरलेली; पण या बोलण्यावर उत्तर देण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

सोलापुराहून आगगाडीने भुवनेश्वर आणि तेथून मोटारीने पुरी असा प्रवास. त्या प्रवासात आत्यांचे अन्न म्हणजे घरून बांधून घेतलेल्या दशम्या, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि थोडे मेतकूट. दुधात भिजवलेल्या दशमीस प्रवासात विटाळ नाही हा जुन्या बायकांचा शास्त्रार्थ, आणि तो आम्ही कधी खोडून काढला नाही. पाणी चंद्रभागेचे, तांब्याच्या फिरकीच्या तांब्यात. शिवाय एक लोखंडी शेगडी, कोळशाची पिशवी, दोन पितळी पातेली आणि तांदुळाची पुरचुंडी. वाटेत शेजारच्या बाकावरील एका तेलुगू कुटुंबाने मोठ्या आदराने इडल्या पुढे केल्या तेव्हा आत्यांनी हात जोडले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. गोदावरीचा प्रचंड पूल ओलांडताना मात्र त्यांनी तांब्यातील थेंबभर पाणी खाली सोडले. "बहिणीला बहीण भेटली," म्हणाल्या.

कार्तिक शुद्ध नवमीच्या सायंकाळी आम्ही पुरीस पोहोचलो. बडदांड नावाचा तो अतिविशाल राजमार्ग आणि त्याच्या टोकाशी आकाशात चढलेले शिखर पाहून आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. सिंहद्वारासमोर एकसंध पाषाणाचा अरुणस्तंभ उभा आहे. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो पुरीस आणून उभा केला. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि देवस्थानाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. आम्ही हे सांगताच आत्यांनी स्तंभास हात लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण अगदीच परके नव्हे."

परकेपणा मात्र दुसऱ्याच दिवशी जाणवला, आणि तो जाणवला अन्नाच्या ठायी.

हविष्यान्नाचे कोडे

आमचे क्षेत्रोपाध्याय पंडाजी सात्त्विक आणि संस्कृत जाणणारे होते. त्यांच्या घराच्या मागील चौकात आमची उतरण्याची सोय झाली. आत्यांनी तेथेच कोपऱ्यात शेण सारवून आपली शेगडी मांडली. पंडाजींच्या पत्नीने त्यांना आनंदाने सांगितले की, आपलेही व्रत चालू आहे. सारा कार्तिक त्या 'हबिष' करतात. पहाटे स्नान, तुळशीवृंदावनापुढे रंगावली, राई-दामोदराची पूजा, आणि दिवसातून एकदाच भोजन. आत्यांची कळी खुलली. व्रतस्थ बाईची आणि व्रतस्थ बाईची भाषा एकच असते.

पण दुपारी त्या व्रताचे पान वाढलेले पाहिले आणि आत्या चकित झाल्या. पानात होता भात! अरवा तांदुळाचा भात, त्यावर मूगडाळीत शिजवलेले अळूचे कंद आणि कच्ची केळी, 'ओऊ' नावाच्या आंबट फळाच्या फोडी, आले, खोबरे आणि वर साजूक तूप. आत्या आमच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अरे, ही व्रत करते की जेवते?"

वास्तविक हे कोडे आमच्या विद्येला सोडवता येण्यासारखे होते. हबिष म्हणजे धर्मशास्त्रातील हविष्यान्नच. तांदूळ, जव, मूग, गाईचे तूप असे जे पदार्थ होमद्रव्य म्हणून चालतात ते व्रतस्थानेही भक्षावे, ही जुनी व्यवस्था. ओडिशाने ती कार्तिकभर जशीच्या तशी राखली आहे. या प्रांतात मासळी सर्रास खाल्ली जाते, अनेक ब्राह्मणांच्या घरीही ती वर्ज्य नाही. पण कार्तिकात पुष्कळजण ती सोडतात, आणि ज्यांना महिनाभर जमत नाही ते एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे पाच दिवस तरी कटाक्षाने पाळतात. त्या पाच दिवसांस 'बगुळा पंचुक' म्हणतात, म्हणजे बगळादेखील ज्या दिवसांत माशाला तोंड लावीत नाही असे पंचक. बगळ्यास व्रतस्थ कल्पिणाऱ्या लोकांचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. आपल्याकडे बगळ्याच्या वाट्यास ध्यानाचे ढोंगच तेवढे आले आहे!

त्याच दुपारी पंडाजींनी आमचीही फिरकी घेतली. तुमच्याकडे उपवासास काय चालते, असे त्यांनी विचारले. आम्ही मोठ्या अभिमानाने साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळी आणि हिरवी मिरची अशी यादी वाचली. पंडाजी म्हणाले, "शास्त्रीजी, यांतील बहुतेक वस्तू आमच्या जगन्नाथाच्या मुदपाकखान्यात शिरू शकत नाहीत. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरचीदेखील नाही, तिखटासाठी मिरी. ही सारी परदेशातून आलेली. देवाने ती जुन्या काळी कधी खाल्ली नाहीत, आजही खात नाही." आम्ही निरुत्तर झालो. कारण खरेच, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबूदाणा करतात तो, हे सारे अमेरिका खंडातले. फिरंग्यांच्या गलबतांबरोबर इकडे आले आणि पाहता पाहता आपल्या उपवासाच्या पानात पवित्र होऊन बसले. ज्या अन्नास पूर्वजांनी हवनयोग्य ठरविले ते तांदूळ-मूग आपण एकादशीस निषिद्ध मानतो आणि सातासमुद्रांपलीकडचा कंद खुशाल खातो. (आमच्या घरी आजही रताळी आणि शेंगदाण्याची आमटीच शिजते आहे, हे वाचकांनी वर वाचलेच आहे. शास्त्र एकीकडे आणि जिव्हा एकीकडे!)

आत्यांनी त्या दिवशी दशमीचे एकभुक्त केले, आपल्या शेगडीवर, आपल्या हातांनी.

महाप्रसाद

जगन्नाथाच्या रोसघराचे वर्णन करावे तितके थोडे. मंदिराच्या आवारातील हे स्वयंपाकघर देशातील सर्वांत मोठ्या मुदपाकखान्यांत गणले जाते. सुआर म्हणजे सूपकार. हे काम परंपरेने त्यांच्या घराण्यांकडे आहे. धातूचे भांडे नाही, सारे काही मातीच्या मडक्यांत. आणि एकदा वापरलेले मडके पुन्हा चुलीवर चढत नाही. कुंभार रोज नवी मडकी पुरवितात. सरपण लाकडाचे, पाणी आवारातील गंगा-यमुना नावाच्या विहिरींचे. चुलीवर मडक्यांची उतरंड रचतात, एकावर एक सात सात. आणि सर्वांत वरच्या मडक्यातील अन्न आधी शिजते असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. अन्न नेणारे सुआर तोंडावर फडके बांधून, मडकी कावडीत टांगून, न बोलता जातात. कांदालसणाचे तर नावच नको.

हे अन्न प्रथम जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना अर्पण होते आणि मग आवारातच असलेल्या विमलादेवीस दाखवितात. विमलेने स्वीकारल्यावरच त्यास 'महाप्रसाद' हे नाव प्राप्त होते. सकाळच्या गोपालवल्लभ भोगात लाह्या, दही, लोणी, नारळ आणि केळी असतात हे ऐकून आमचे कान टवकारले. हा तर आमचा काला! पुढे दिवसभरात भात, डाळी, खिचडी, नाना भाज्या, पिठे आणि खिरी यांचे भोग लागतात.

आणि हा महाप्रसाद मिळतो आनंदबाजारात. आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात हा बाजार भरतो. मडकी मांडून विक्रेते बसलेले. गिऱ्हाईक येते, एका मडक्यात हात घालते, चव पाहते, पसंत न पडल्यास शेजारच्या मडक्याकडे वळते, आणि त्याच मडक्यातून पुढचे गिऱ्हाईक चव घेते. खाणारे जमिनीवरच बसतात, एका पानावर चौघे. कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारणे तेथे पाप समजतात. उष्टे हा शब्दच त्या अन्नास लागू नाही. सांडलेले शीत वेचून मस्तकी लावतात. भात शिजवून पाण्यात मुरवलेला पखाळ तेथे देवास चालतो, आणि त्या महाप्रसादाच्या आंबट पाण्यात दही, आले, लिंबाची पाने, कढीलिंब आणि जिरे घालून केलेली 'टंक तोराणी' मडक्यांतून विकतात. उन्हाने त्रासलेले यात्रेकरू ती घटाघटा पितात. आदल्या भाताचे पाणी! आमच्या घरी आदल्या दिवशीचा भात गाईच्या घमेल्यात जातो.

आता आमची स्थिती पाहा. स्कंदपुराणाच्या उत्कलखंडात या क्षेत्राचे माहात्म्य आहे आणि तेथील नैवेद्यास स्पर्शदोष लागत नाही, गंगेच्या पाण्याप्रमाणे तो सदा शुद्धच, असा त्याचा आशय. तो आम्ही वाचला होता, इतकेच नव्हे तर शिष्यांस शिकविलाही होता. काल्याच्या कीर्तनात भगवंताने गोपाळांच्या तोंडचा घास कसा हिसकावून घेतला याचे वर्णन करताना श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी आणणे हा तर आमचा व्यवसाय. नाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांस जेवू घातले हे आख्यान आम्ही किती वेळा लावले असेल याची गणती नाही. परंतु दशमीच्या सायंकाळी आनंदबाजाराच्या कडेला उभे असताना आमचा हात उपरण्याच्या आत गेला तो बाहेर येईना. आत्यांनी एका डोळ्याने तो देखावा न्याहाळला आणि काहीच बोलल्या नाहीत.

एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. आनंदबाजारात जात नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले त्यांच्यासाठी त्याच मंदिराचे दार दीर्घकाळ बंद होते. १९३४ मध्ये महात्माजींनी आपली हरिजनयात्रा पुरीहून पायी सुरू केली तेव्हा ते मंदिरात गेले नाहीत. आम्हां पंढरपूरकरांना यावर बोट ठेवण्याचा अधिकार नाही. आमच्या पांडुरंगाचे दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. त्या वेळी विरोधाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मंडळींत आमच्याही घरची माणसे होती.

लक्ष्मीनारायण वेष

एकादशीचा दिवस उजाडला. कार्तिक शुद्ध एकादशीस देवांचा लक्ष्मीनारायण वेष असतो; सुवर्णालंकार चढविलेली ती विशालनेत्र मूर्ती पाहताना आत्या गर्दीत दोन वेळा ढकलल्या गेल्या, पण पुढचा खांब त्यांनी सोडला नाही. "केवढे डोळे रे," एवढेच म्हणाल्या. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, वय बहात्तर, आणि पूर्वसमुद्राच्या काठचे दमट ऊन. लोकांच्या लोंढ्याबरोबर आम्ही बाहेर पडलो ते थेट आनंदबाजाराच्या पायऱ्यांशी. तेथे आत्यांचे पाय गळाले आणि त्या बसल्या.

शेजारी एक साठीची काळीसावळी बाई केळीच्या पानावर महाप्रसाद घेऊन बसली होती. कपाळ मोकळे, गळ्यात तुळशीची माळ. तिने आत्यांकडे पाहिले, आपले पान मधोमध फाडले, भात आणि डाळ अर्ध्यावर सरकविली आणि ते अर्धे पान आत्यांपुढे ठेवले. "माउसी," ती म्हणाली, "महाप्रसाद."

मावशी हा शब्द तिकडेही तोच आहे. आत्यांनी तो ऐकला आणि आमच्याकडे वर पाहिले.

"हे देवापुढचंच ना रे?"

"हो."

"विमलेला दाखवून झालंय?"

"झालंय. पण आत्या, आज..."

आमचे वाक्य पुरे झाले नाही. आत्यांनी भाताचे शीत कपाळास लावले आणि घास तोंडात घातला. चोपन्न वर्षांची निर्जळी कार्तिकी, परक्या बाईच्या उष्ट्या पानावरच्या भाताने! आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. आत्या शांतपणे जेवत होत्या. दुसऱ्या घासाला त्यांनी बोटांनीच विचारले, ही भाजी कसली, बाईने काहीतरी नाव सांगितले, दोघी हसल्या.

मग त्या बाईने एक घास आमच्यापुढे धरला. आम्ही हात जोडले आणि म्हणालो, "एकादशी." हा शब्द तिला कळला, आजूबाजूच्या सर्वांनाही कळला, आणि एकच हशा पिकला. एका वृद्धाने मंदिराच्या मागच्या बाजूस बोट केले आणि मूठ वळवून खाली टांगल्याचा अभिनय केला. पुरीत जगन्नाथाने एकादशीस उलटी टांगून ठेवली आहे, महाप्रसादापुढे तिचे काही चालत नाही, ही तेथील लोककथा पंडाजींनी आम्हांस सकाळीच ऐकविली होती. आम्ही ओशाळलो. काहीतरी करणे भाग होते म्हणून एक कुडुआ, म्हणजे महाप्रसादाचे लहानसे मडके, विकत घेतले आणि उपरण्याखाली झाकून बिऱ्हाडी आणले.

सायंकाळी नीलचक्रापाशी एकादशीचा महादीप चढला. एवढ्या उंचावर माणूस दिवा घेऊन चढतो हे पाहण्यास बडदांडावर माणसांचा समुद्र लोटला होता. परत येताना आम्ही आत्यांना वल्लभाचार्यांची कथा सांगितली. आचार्य पुरीत असताना एकादशीच्या दिवशीच त्यांच्या हातावर कोणी महाप्रसाद ठेवला. टाकावा तर प्रसादाचा अवमान, खावा तर व्रतभंग. आचार्यांनी तो हातात धरून रात्रभर महाप्रसादाची स्तुती गायिली आणि द्वादशीच्या सूर्योदयी ग्रहण केला. दोन्ही धर्म राखले. आपणही तसेच करणार, असे आम्ही जाहीर केले. धर्मसिंधूकर्त्या बाबा पाध्यांनी हा अठराव्या शतकातला ग्रंथ लिहिला ते आमच्याच पंढरपुरात. त्या गावच्या माणसाने व्रताचा निर्णय असा लोकांच्या हशावर सोडावा काय, हेही बोलून दाखविले. आत्या "बरं" म्हणाल्या आणि निजल्या.

आम्ही मडके चौरंगावर ठेवले, पुढे निरांजन लावले, आणि खरे सांगायचे तर घटकाभरात आमचाही डोळा लागला. मध्यरात्री जाग आली ती भुकेने. उरलेली रात्र आम्ही ग्रंथांची वचने आठवून आपल्या बाजूने निकाल लावण्यात घालविली. नाही म्हणायला एक प्रसंग राहून राहून आठवत होता. याच पुरीत चैतन्यदेवांनी भल्या पहाटे सार्वभौम भट्टाचार्यांच्या हाती महाप्रसाद ठेवला. सार्वभौम न्यायशास्त्राचे आणि वेदान्ताचे दिग्गज पंडित. स्नान झालेले नाही, मुखमार्जन नाही, संध्या नाही. तरी त्यांनी तो तत्क्षणी खाल्ला आणि चैतन्यदेव हर्षाने नाचू लागले, असे चैतन्यचरितामृतात आहे. हा प्रसंग आमच्या बाजूचा नव्हता, म्हणून आम्ही कूस बदलली.

पहाटे आत्या उठल्या. मडक्यावरील पान दूर करून त्यांनी वास घेतला. भात आंबला होता.

"वल्लभाचार्यांनी रात्रभर स्तुती केली म्हणालास ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"आणि तू काय करत होतास?"

आम्ही गप्प राहिलो. इतक्यात पंडाजींच्या पत्नी तुळशीपुढची रांगोळी आटोपून आल्या. मडके पाहून त्यांना काहीच गैर वाटले नाही. महाप्रसाद शिळा होत नाही, असे म्हणून त्यांनी त्यात पाणी घातले, दही कालविले, चिमूटभर मीठ आणि लिंबाचे पान चुरडून टाकले आणि आमच्यापुढे वाटी केली. द्वादशी लागली होती, सूर्योदय व्हायचा होता. स्नान नाही, संध्या नाही, आणि वाटीत आदल्या दिवशीचा आंबलेला भात. आत्या समोर बसून पाहत होत्या. आम्ही तो खाल्ला. खालचे पाणी वाटी तोंडास लावून प्यालो. चव कशी होती हे कोणी विचारले तर एवढेच सांगतो की आम्ही दुसरी वाटी मागून घेतली.

निघण्याच्या दिवशी पंडाजींकडून कळले की आत्यांना पान देणारी ती बाई समुद्रकाठच्या गावची, मासळी विकून पोट भरणारी; कार्तिकात टोपली खाली ठेवून महिनाभर पुरीस येऊन राहते. आम्ही हे आत्यांना सांगावे की न सांगावे, या विचारात पडलो. पंढरपुरात मासळीच्या बाजाराच्या वाऱ्यालाही आत्या उभ्या राहत नसत. अखेर गाडीत सांगितले. त्यांनी माळेचा मणी ओढला आणि म्हणाल्या, "आपल्याकडे पुंडलिकाची पूजा कोण करतं रे?"

"कोळी."

"मग?" आणि पुढचा मणी ओढला.

पुरीहून येताना आम्ही निर्माल्य आणले. आपल्याकडे निर्माल्य म्हणजे देवावरून उतरलेली फुले, जी पाण्यात सोडायची. तिकडे निर्माल्य म्हणजे उन्हात वाळविलेला महाप्रसादाचा भात. तांबड्या कापडाच्या लहान पिशवीत मिळतो आणि घरोघरी वर्षानुवर्षे जपून ठेवतात. लग्न ठरविताना दोन्ही घरची माणसे तो हाती घेऊन शब्द देतात, दोघे मित्र एकमेकांस तो देऊन जन्माचे 'महाप्रसाद' होतात आणि मग नावाने हाक न मारता महाप्रसाद म्हणूनच मारतात. आणि मरणाऱ्याच्या मुखात तोच घालतात.

पुरीहून परतल्यावर आत्यांचे सोवळे सुटले, असे कोणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली चूल सारवून घेतली आणि पुढच्या आषाढीस पुन्हा निर्जळी केली. बदल एवढाच, की गोपाळपुरी काल्याच्या दिवशी पूर्वी त्या प्रसाद पदरात घेऊन बाजूस उभ्या राहत, त्या आता गर्दीत शिरून भेटेल त्या बाईच्या मुखात घालीत आणि तिच्या हातचा घेत. दृष्टी पुढच्या दोन वर्षांत पूर्ण गेली, त्यामुळे समोर कोण आहे हे त्यांना दिसतही नसे.

२००४ च्या माघात त्या गेल्या. शेवटच्या दिवशी घशाखाली पाणी उतरत नव्हते. तीर्थात भिजवून निर्माल्याचे एक शीत आम्ही त्यांच्या जिभेवर ठेवले, ते मात्र त्यांनी गिळले. पुढे २०११ साली कन्येच्या साखरपुड्यास आम्ही तीच पिशवी काढली. व्याह्यांनी कुतूहलाने विचारले, हा कसला तांदूळ? आम्ही त्यांना ओसरीवर बसवून ही सारी हकीकत सांगितली, आमच्या निजेसकट. ती पिशवी आजही आमच्या देवघरात शाळिग्रामाच्या डबीशेजारी आहे. आत सातआठ शिते उरली आहेत.